हिमरात्रीचा छायाचित्रकार : आल्फ्रेड स्टीग्लिट्झ

विद्यार्थिमित्रहो, दरवर्षी आपल्या शाळेत वर्गावर्गांचे फोटो काढण्याचा दिवस येतो. अंगणात बाके मांडली जातात. उंच मुले मागे, ठेंगणी पुढे आणि वर्गशिक्षक मध्ये, अशी रचना होते. आणि छायाचित्रकार हात वर करून सर्वांस स्थिर राहण्याची सूचना देतो. या कामासाठी तो नेहमी सकाळची वेळ मागून घेतो, हे तुमच्या ध्यानात आले असेल. भरपूर उजेडावाचून चित्र चांगले उतरत नाही, हा त्याचा अनुभव असतो. मग मध्यरात्र उलटून गेली आहे, आकाशातून बर्फ पडत आहे, वारा अंगाला झोंबत आहे, रस्त्यावर चिटपाखरूही नाही, आणि अशा वेळी एक मनुष्य तिपाईवर कॅमेरा लावून निश्चल उभा आहे, असे कोणी सांगितले तर आपण त्या मनुष्याला काय म्हणू? त्याच्या काळच्या पुष्कळ लोकांनी त्याला वेडा म्हटले. त्या मनुष्याचे नाव आल्फ्रेड स्टीग्लिट्झ. छायाचित्र काढणे ही केवळ यंत्राची करामत नसून ती एक कला आहे, ही गोष्ट जगाच्या गळी उतरविण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत याचे स्थान फार वरचे आहे. त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहो.

आल्फ्रेडचा जन्म १ जानेवारी १८६४ रोजी अमेरिकेतील होबोकन या गावी झाला. हे गाव न्यूयॉर्क शहराच्या समोर, हडसन नदीच्या पलीकडच्या तीरावर आहे. त्याचे आईबाप जर्मनीतून अमेरिकेस येऊन स्थायिक झालेले ज्यू होते. बाप एडवर्ड हा लोकरीचा व्यापारी. व्यापारात त्याने चांगला पैसा मिळविला. परंतु पैशापेक्षा चित्रे, ग्रंथ आणि विद्वानांची संगत यांचा त्याला अधिक शौक होता. सहा भावंडांत आल्फ्रेड सर्वांत वडील. १८७१ साली हे कुटुंब न्यूयॉर्क शहरात राहावयास गेले, आणि पुढे दहा वर्षांनी, मुलांना उत्तम शिक्षण मिळावे म्हणून बापाने व्यापार आवरता घेऊन सर्वांना युरोपात नेले.

बर्लिनच्या तांत्रिक महाविद्यालयात आल्फ्रेडचे नाव घालण्यात आले. त्याने यंत्रशास्त्र शिकून इंजिनियर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. पण मुलाचे मन त्या विषयात रमेना. त्याच महाविद्यालयात हेर्मान फोगेल नावाचा एक थोर रसायनशास्त्रज्ञ छायाचित्रणाचे वर्ग घेत असे. त्या काळच्या फोटोच्या काचांवर निळा रंग चटकन उतरे, पण हिरवा व पिवळा रंग काळाच दिसे. काचेवरील लेपात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली असता हा दोष कमी होतो, हा महत्त्वाचा शोध फोगेलने १८७३ साली लावला होता. अशा गुरूच्या वर्गात आल्फ्रेड एकदा जाऊन बसला आणि तेथेच त्याच्या आयुष्याची दिशा ठरली.

फोगेलने विद्यार्थ्यांना एक धडा घालून दिला होता. पांढऱ्या मातीचा एक पुतळा आणि त्याच्या भोवती काळे मखमल, अशी मांडणी करून तिचे चित्र काढावयाचे. हे ऐकावयास सोपे वाटते. परंतु मखमलीच्या घड्या दिसाव्या म्हणून काचेस अधिक प्रकाश द्यावा तर पुतळा नुसता पांढरा गोळा होतो, आणि पुतळ्याचे नाकडोळे रेखीव यावे म्हणून प्रकाश कमी द्यावा तर मखमल म्हणजे केवळ काळा डाग होतो. इतर विद्यार्थी दोनचार प्रयत्न करून पुढच्या धड्याकडे वळले. आल्फ्रेड मात्र कित्येक आठवडे त्या एकाच पुतळ्यापुढे बसून राहिला. इतके निर्दोष चित्र कोणासच साधत नाही, हे अखेर गुरूलाच त्याला समजावून सांगावे लागले. अतिशय पांढरे आणि अतिशय काळे ही दोन्ही एका काचेवर खरी उतरविण्याचा हा नाद त्याला तेव्हा जो लागला, तो जन्मभर सुटला नाही. बर्फ आणि रात्र ही जोडी तरी दुसरी कोणती आहे?

बर्लिनमधलीच आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. एका तळघरात विजेचे एक यंत्र होते आणि तेथे एकच मिणमिणता दिवा जळत असे. इतक्या अंधुक जागी चित्र निघणे शक्य नाही, असा जाणत्यांचा समज होता. आल्फ्रेडने तेथे कॅमेरा मांडला, भिंग उघडले, आणि ते चोवीस तास तसेच उघडे ठेवले. दुसऱ्या दिवशी काच धुऊन पाहतो तो यंत्राचा भाग न् भाग तीवर स्पष्ट उमटला होता. यातील मर्म मुलांनी नीट लक्षात घ्यावे. आपल्या डोळ्याला क्षणात जे दिसावयाचे ते दिसते; अंधारात कितीही वेळ टक लावून पाहिले, तरी डोळा प्रकाशाची साठवण करू शकत नाही. फोटोच्या काचेची गोष्ट वेगळी. तीवर पडणारा प्रकाश कितीही थोडा असो, तो थेंबाथेंबाने साचत जातो. म्हणून जेथे उजेड थोडा तेथे वेळ पुष्कळ द्यावा, म्हणजे काम होते. आल्फ्रेडच्या पुढील साऱ्या उद्योगाचे बीज या तळघरात आहे, असे आम्हास वाटते.

१८८७ साली इंग्लंडातील एका छायाचित्रण-मासिकाच्या स्पर्धेत त्याच्या चित्राला पहिले बक्षीस मिळाले आणि त्याचे नाव थोडेबहुत झाले. १८९० साली बहिणीच्या मृत्यूमुळे तो न्यूयॉर्कला परतला. वडिलांच्या साहाय्याने त्याने चित्रांचे ठसे तयार करण्याच्या धंद्यात प्रवेश केला. पण धंद्यात त्याचे लक्ष नव्हते. नव्या शहराची धूळ, धूर, घोडे, आगबोटी, उंच इमारती, यांत त्याला जे सौंदर्य दिसे ते काचेवर उतरविण्याकडे त्याची सारी ओढ होती.

आपल्याकडील मुलांनी गारा पाहिल्या आहेत. परंतु हिमवर्षाव बहुतेकांनी पाहिलेला नसतो. गारांप्रमाणे हिम ताडताड पडत नाही. पिंजलेल्या कापसाप्रमाणे ते अलगद खाली येते आणि पाहता पाहता छपरे, रस्ते, झाडांच्या फांद्या, सारे काही झाकून टाकते. पण त्यात जोराचा वारा मिसळला म्हणजे त्याचे रूप भयंकर होते. २२ फेब्रुवारी १८९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये असेच हिमवादळ चालले होते. स्टीग्लिट्झ हातात धरण्याजोगा एक लहान कॅमेरा घेऊन फिफ्थ ॲव्हेन्यू या रस्त्यावर तीन तास उभा राहिला. अखेर बर्फातून वाट काढीत घोड्यांची एक गाडी समोरून आली, आणि मनाजोगता क्षण येताच त्याने कळ दाबली. ओली काच घेऊन तो मंडळात गेला तेव्हा जाणत्या सभासदांनी ती अंधुक आहे, टाकून द्यावी, असा सल्ला दिला. त्याने तो ऐकला नाही. काचेचा हवा तेवढाच भाग घेऊन त्याने त्याचे चित्र केले. आणि आज ते चित्र छायाचित्रणाच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून ओळखले जाते.

बर्फ तर साधला. आता रात्र साधावयाची होती. लंडनमधील पॉल मार्टिन या छायाचित्रकाराने १८९५ च्या सुमारास दिव्यांच्या उजेडात त्या शहराची चित्रे काढून दाखविली होती. ती पाहून स्टीग्लिट्झला हुरूप आला. परंतु या कामात अडचणी किती, याची कल्पना आज आपणास यावयाची नाही. आज मोबाइल फोनने रात्रीचे चित्र सहज निघते. त्या काळच्या काचा मंद. भिंग पुष्कळ वेळ उघडे ठेवावे, तर रस्त्याने चालणारी माणसे चित्रात उमटतच नाहीत. कारण ती एका जागी थांबत नाहीत. धावत्या गाडीचे दिवे मात्र पांढरी रेघ ओढून जातात. पडणारे हिमही चित्रात दिसत नाही; पडून राहिलेले तेवढे दिसते. शिवाय रस्त्यावरचा दिवा समोर आला, की त्याचा प्रखर प्रकाश काचेच्या आरपार जाऊन मागल्या पृष्ठावरून उलटतो आणि दिव्याभोवती एक मोठे धुरकट वर्तुळ उमटते. हा दोष टाळण्यासाठी काचेच्या पाठीस काळसर लेप द्यावा लागे. थंडीचे कष्ट ते वेगळेच. श्वासाची वाफ भिंगावर बसली की चित्र गेले. बोटे बधिर झाली की साधा स्क्रू फिरविणे कठीण. वाऱ्याने तिपाई किंचित हलली की मिनिटांची मेहनत वाया.

मात्र बर्फाचा एक उपकारही असतो. उघड्या डांबरी रस्त्यावर दिव्याचा प्रकाश गिळला जातो. बर्फावर पडलेला प्रकाश चोहोकडे परततो. त्यामुळे एरवी काळोखात बुडालेली भिंत, कठडा, झाडाचे खोड, ही खालून आलेल्या त्या फिक्या उजेडात वर येतात. जे बर्फ मनुष्याला घरात कोंडते तेच छायाचित्रकाराला दिवा धरते. स्टीग्लिट्झने ही गोष्ट ओळखली. पावसाने भिजलेल्या रस्त्याचेही असेच. १८९७ साली त्याने सॅव्हॉय हॉटेल या मोठ्या इमारतीच्या परिसरात रात्री चित्रे काढली. त्यांत ओल्या रस्त्यावर दिव्यांची प्रतिबिंबे झळकताना दिसतात. प्रयोगामागून प्रयोग करून त्याने भिंग उघडे ठेवण्याचा काळ कमी करीत आणला. येथपर्यंत, की थोडा वेळ स्थिर उभे असलेले मनुष्य वा घोडागाडीही रात्रीच्या चित्रात यावी.

आता ज्या रात्रीचा उल्लेख आम्ही आरंभी केला त्या रात्रीकडे वळू. १८९८ सालचा हिवाळा. स्टीग्लिट्झ न्युमोनियाने आजारी होता. त्या काळी या रोगावर आजच्यासारखी रामबाण औषधे नव्हती. पुष्कळ रोगी दगावत. तो काही आठवडे अंथरुणाला खिळून होता आणि नुकता कोठे बरा होऊ लागला होता. एके रात्री बाहेर हिमवादळ सुरू झाले. खिडकीतून त्याने बर्फ पाहिले, आणि त्याला राहवेना. घरची माणसे निजल्यावर, रात्री एकच्या सुमारास तो उठला, अंगावर एकावर एक कपडे चढविले, कॅमेरा व तिपाई घेतली, आणि हळूच बाहेर पडला. उद्यानाच्या कडेने जाणारी एक पायवाट होती. एका बाजूस निष्पर्ण झाडांची रांग, झाडांवर बर्फ, गोठलेल्या वाटेवर दिव्यांचा प्रकाश. तेथे त्याने तिपाई रोवली आणि काचेला हवा तेवढा वेळ तो त्या वाऱ्यात उभा राहिला. ते चित्र निघाले. 'गोठलेली रात्र' अशा अर्थाचे नाव धारण करणारे हे चित्र पुढे फार प्रसिद्धीस आले.

विद्यार्थ्यांनी याचे अनुकरण करावे, असे मात्र आम्ही मुळीच म्हणणार नाही. आजारातून उठलेल्या मनुष्याने मध्यरात्री बर्फात जाणे हा अविचारच होय. आणि त्या घरात जी माणसे त्याची शुश्रूषा करीत होती, त्यांना पहाटे रिकामे अंथरूण आढळले असते तर त्यांच्या मनाची काय स्थिती झाली असती, याचा विचार त्याने केला नाही. पण ज्या कामावर मनुष्याचे खरे प्रेम असते, त्या कामाची हाक कशी असते, ते मात्र या प्रसंगावरून कळते.

१९०२ साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे २८५ फूट उंचीची एक विलक्षण इमारत पुरी झाली. दोन मोठे रस्ते जेथे एकमेकांस छेदतात, तेथील तिकोनी जागेवर ती बांधलेली असल्यामुळे तिचा आकार इस्त्रीसारखा झाला, आणि लोकांनी तिचे नावही इस्त्रीवरूनच 'फ्लॅटआयर्न' असे पाडले. पुष्कळांना ती कुरूप वाटे; स्टीग्लिट्झच्या वडिलांचेही तेच मत होते. परंतु हिवाळ्यात एके दिवशी बर्फ पडत असता स्टीग्लिट्झला ती इमारत एखाद्या प्रचंड आगबोटीच्या नाळेप्रमाणे आपल्याकडे चालून येत आहे, असा भास झाला. १९०३ सालच्या त्या चित्रात पुढे झाडाचे एक काळे खोड आणि त्याची दोन फांद्यांत फुटलेली बेचकी दिसते. मागे धुक्यात विरत गेलेली ती इमारत दगडालोखंडाची नव्हे, तर कागदाची असावी इतकी हलकी भासते. हे चित्र दिवसाचे आहे. पण बर्फाने अवजड वस्तूचे वजन कसे हरण केले, हे पाहावयाचे असेल तर ते अवश्य पाहावे.

पुढील वर्षांत स्टीग्लिट्झने केवळ स्वतःची चित्रे काढली नाहीत, तर इतरांसाठी रान मोकळे केले. १९०३ ते १९१७ या काळात त्याने 'कॅमेरा वर्क' या नियतकालिकाचे ५० अंक काढले. कागद, छपाई, चित्रांचे ठसे, सर्वच गोष्टींत त्याची नजर इतकी काटेकोर असे की ते अंक आजही संग्राहक जपून ठेवतात. १९०५ साली फिफ्थ ॲव्हेन्यूवरील २९१ क्रमांकाच्या घरात त्याने एक लहानसे चित्रदालन उघडले. घराच्या क्रमांकावरूनच ते पुढे प्रसिद्ध झाले. रोदँ, मातीस, सेझान, पिकासो या युरोपीय कलावंतांची चित्रे अमेरिकेतील लोकांना प्रथम पाहावयास मिळाली ती बऱ्याच अंशी या दालनातच. लोक हसत, वर्तमानपत्रे टीका करीत. हा मनुष्य मात्र दिवसभर तेथे उभा राहून आल्यागेल्यास समजावून सांगे.

पण काळ बदलला. युरोपात महायुद्ध सुरू झाले. मासिकाचे वर्गणीदार एके काळी हजाराच्या घरात होते, ते अखेरीस चाळीसही उरले नाहीत. १९१७ साली मासिक आणि दालन ही दोन्ही बंद झाली. त्याआधी, १९१५ साली, त्या दालनाच्या मागल्या खिडकीतून त्याने काही चित्रे काढली. ती आम्हास त्याच्या साऱ्या कामात फार हृद्य वाटतात. खाली परसे आणि ठेंगणी छपरे. मागे उंच इमारती. कधी परसातील एखादे झाड बर्फाने झाकलेले. कधी रात्रीची वेळ असून काळ्या भिंतींत दिवे लागलेल्या खिडक्या. त्या चित्रांत माणूस दिसत नाही. पण प्रत्येक उजळलेल्या खिडकीआड कोणीतरी जागे आहे, हे जाणवते. ज्याच्या दालनाला उतरती कळा लागली होती, त्याने रात्री खिडकीशी उभे राहून असे काही पाहिले, हे मनात आणले म्हणजे त्या चित्रांचा अर्थ अधिक खोल होतो.

चरित्र सांगताना केवळ गुणच सांगणे हे खऱ्या चरित्रकाराचे काम नव्हे. स्टीग्लिट्झचा स्वभाव हट्टी आणि वर्चस्व गाजविणारा होता. न्यूयॉर्कच्या कॅमेरा क्लबसाठी त्याने अपार श्रम केले. पण १९०८ साली त्याच संस्थेने त्याला काढून टाकले, आणि परत घेतल्यावर त्याने स्वतःच तिचा राजीनामा दिला. एडवर्ड स्टायकेनसारख्या जिवलग सहकाऱ्याशीही त्याचे बिनसले. १८९३ साली झालेला त्याचा पहिला विवाह सुखाचा झाला नाही. तो १९२४ साली कायद्याने संपुष्टात आला आणि त्याच वर्षी त्याने जॉर्जिया ओकीफ या प्रसिद्ध चित्रकर्तीशी लग्न केले. एकुलत्या एक मुलीच्या, कॅथरिनच्या, दीर्घ मानसिक आजाराचे दुःखही त्याच्या वाट्यास आले. शिवाय, पोटासाठी चित्रे विकणार नाही हा बाणा त्याला जन्मभर पाळता आला, तो पुष्कळसा बापाने मिळविलेल्या पैशाच्या बळावर, हेही सांगितले पाहिजे. काचेवर प्रकाश साचेपर्यंत चोवीस तास थांबणाऱ्या या मनुष्यास, जवळच्या माणसांच्या बाबतीत मात्र तितके थांबणे साधले नाही, याची आम्हास खंत वाटते.

१९२५ पासून तो आणि ओकीफ न्यूयॉर्कमधील शेल्टन हॉटेलात, तिसाव्या मजल्यावर राहू लागले. तेथील खिडकीतून त्याला सभोवती नव्या इमारती चढताना दिसत. १९३० नंतरच्या दोन वर्षांत त्याने त्यांची दिवसाची व रात्रीची चित्रे घेतली. पोलादी सांगाडे, त्यांवरून सरकत जाणाऱ्या सावल्या, आणि रात्री काळ्या आकाशात पेटलेल्या खिडक्यांच्या ओळी. बर्लिनच्या तळघरात जो प्रयोग त्याने तरुणपणी केला तोच साठी उलटल्यावर तो तिसाव्या मजल्यावरून करीत होता. याच काळापूर्वी आकाशातील ढगांची त्याची चित्रमालाही प्रसिद्ध झाली होती.

आपल्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट येथे नमूद करतो. १९२४ साली बोस्टन येथील कलासंग्रहालयाने त्याची २७ छायाचित्रे आपल्या संग्रहात घेतली. छायाचित्रास चित्राच्या बरोबरीचे आसन देणारी ही अमेरिकेतील फार महत्त्वाची घटना होय; आणि ती घडवून आणण्यात भारतीय कलेचे थोर अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांचा पुढाकार होता. ते त्या वेळी तेथे भारतीय कलाविभागाचे काम पाहत असत. अजिंठ्याची चित्रे आणि चोळकालीन मूर्ती यांची पारख असलेल्या नजरेला या यंत्राने काढलेल्या चित्रांतही कला दिसली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९३७ च्या सुमारास प्रकृती खालावल्यामुळे त्याने कॅमेरा खाली ठेवला. १३ जुलै १९४६ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, न्यूयॉर्क येथे त्याचे देहावसान झाले. त्याच्या पश्चात ओकीफने त्याच्या चित्रांची काळजीपूर्वक निवड केली आणि सोळाशेहून अधिक चित्रे वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयात ठेवली. तेथे ती आजही आहेत.

मित्रहो, आज प्रत्येक घरात कॅमेरा आहे, आणि एका दिवसात शेकडो चित्रे निघतात. त्यांतील किती चित्रांसाठी आपण थांबलेलो असतो? स्टीग्लिट्झकडे भरपूर उजेड नव्हता; त्याने थोड्या उजेडाला पुष्कळ वेळ दिला. तुमच्यापैकी कोणास गणित जड जाते, कोणास इंग्रजी, कोणाच्या घरी अभ्यासास पुरेसा दिवाही नसेल. आपल्या वाट्यास उजेड कमी आला असे वाटेल तेव्हा त्या तळघरातील मिणमिणत्या दिव्याची आणि त्या गोठलेल्या वाटेची आठवण करा. आणि पालकांस आमची एवढीच विनंती, की मूल एखाद्या धड्यापुढे इतरांहून अधिक वेळ बसून राहिले तर त्यास मंद म्हणून उठवू नये. कदाचित त्याच्या काचेवर प्रकाश अजून साचत असेल.